बोरगावच्या गंजातला जपानी सॉस

बाई, कटलेटाबरोबर खातात तो काळपट, आंबटगोड जपानी सॉस घरी करायचा म्हणतेस, तर एक गोष्ट आधी मनात पक्की कर. तो टमाटरचा सॉस नव्हे. टमाटर त्यात असतो, पण मान सफरचंदाचा, खजुराचा, कांद्याचा, गाजराचा आणि चिंचेचा. केचपमध्ये सोया सॉस ढवळून त्याला जपानी म्हणणारे पुष्कळ आहेत. घाईच्या वेळी तसंही चालतं, ते मी पुढे सांगतेच. पण खरा सॉस फळं शिजवून, गाळून, आटवून आणि मग मुरवून होतो. त्याला मोठी आच लागत नाही, धीर लागतो. कोणती वस्तू कधी गंजात पडायची हे ज्याला कळलं, त्याला हा सॉस आला. मापं काय, जिभेच्या चवीने दोनदा-तीनदा करून बसतात.

चिंच घातली तर तो जपानी कसा राहील, असं तुझ्या सासूने विचारलं होतं. तिला सांग, चिंच मूळचीच आहे. इंग्लंडात वूस्टर गावच्या ली आणि पेरिन्स या दोन औषधविक्यांनी १८३७ साली जो सॉस बाजारात आणला, त्यात व्हिनेगर, काकवी, कांदा, लसूण, खारवलेली मासळी आणि चिंच असते. तो पातळ सॉस मेइजी राजवटीत जपानला पोचला. तिथल्या लोकांना तो फार तिखट-आंबट वाटला, म्हणून त्यांनी मासळीवरचा भर काढला आणि फळं-भाज्या वाढवल्या, गोडी वाढवली. पुढे कोबे शहरातल्या ऑलिव्हर या कंपनीने १९४८ साली त्याला दाटपणा देऊन खास तळलेल्या कटलेटासाठी विकायला काढला. कटलेटही तसं बाहेरचंच. तोक्योच्या गिंझा भागात १८९५ साली निघालेल्या रेंगातेई नावाच्या खानावळीने १८९९ च्या सुमारास डुकराच्या मांसाचं कटलेट भरपूर तेलात तळायला सुरुवात केली. रशिया-जपान युद्धात तरणी माणसं सैन्यात गेली, मुदपाकखान्यात हात कमी पडले, तेव्हा शिजवलेल्या भाज्यांऐवजी तिथे बारीक चिरलेली कच्ची पानकोबी वाढू लागले. ती कोबी आज शंभराहून जास्त वर्षांनीही त्या ताटातून हललेली नाही. तेव्हा सौसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यातल्या आपल्या बोरगावात आपण चिंच, गूळ आणि संत्रा घालून हा सॉस केला, तर कुणाची परंपरा मोडत नाही. तो सॉस जिथे गेला तिथलं फळ घेतच मोठा झाला.

मला त्याची खरी ओळख झाली तुझ्या आत्येसासूकडे, म्हणजे माझ्या लेकीकडे. ती तोक्योला निशी-कासाईत राहते. त्या भागात आपली माणसं इतकी की मराठी कानावर पडल्याशिवाय दिवस जात नाही. तिथल्याच एदोगावा प्रभागाच्या सभेवर २०१९ साली आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले होते. तिथल्या दुकानात या सॉसची फळीच्या फळी भरलेली असते, आणि मी शाळेत गृहविज्ञान शिकवलेली बाई, मला बाटल्या वाचल्याशिवाय राहवेना. लेक वाचून दाखवायची, मी लिहून घ्यायची. तिकडे सरकारी मानकाने या सॉसचे तीन प्रकार केले आहेत, आणि ते चवीवरून नाहीत, दाटपणावरून आहेत: पातळ तो वूस्टर, मधला तो चूनो, आणि सगळ्यांत दाट तो कटलेटाचा. जवळपास सगळ्या बाटल्यांवर सुरुवातीलाच फळं-भाज्यांची नावं: टमाटर, सफरचंद, कांदा, गाजर, कुठे सुकवलेलं आलूबुखार, कुठे लिंबाचा रस. हिरोशिमाची ओताफुकु कंपनी तर आपल्या सॉसमध्ये खजूर घालते. ते ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. खजूर, चिंच, गूळ ही तर आपल्या फळीवरची मंडळी.

आता सामान सांगते. यात पाऊण लिटरच्या आसपास सॉस होतो, घरच्या चार-सहा माणसांना महिनाभर पुरतो.

पिकलेले लाल टमाटर अर्धा किलो. मोठं सफरचंद एक, साल काढून. मोठा कांदा एक. मध्यम गाजर एक. बिया काढलेला मऊ खजूर शंभर ग्रॅम. चिंच तीस ग्रॅम, म्हणजे लिंबाएवढा गोळा. लसणाच्या पाच पाकळ्या, अंगठ्याच्या पेराएवढं अद्रक. गूळ शंभर ग्रॅम, साखर साठ ग्रॅम. सोया सॉस पाच मोठे चमचे, व्हिनेगर अर्धी वाटी, मीठ तीन लहान चमचे. मसाल्यात चार लवंगा, बोटभर कलमी, दोन तेजपान, दहा-बारा काळे मिरे, चक्रीफुलाच्या दोनच पाकळ्या, पाव चमचा ओवा आणि चिमूटभर जायफळ. आणि एका संत्र्याचा रस.

ओवा पाहून चकित होऊ नकोस. तिकडच्या सॉसमध्ये थाइम नावाची पाल्याची वनस्पती असते, आणि तिच्या वासाचा जो गाभा, थायमॉल, तोच आपल्या ओव्यात असतो. म्हणून थाइम शोधत नागपूरची दुकानं पालथी घालायची गरज नाही. पण पाव चमच्याच्या वर जाऊ नको, नाहीतर सॉसला पोटदुखीच्या औषधाचा वास येतो. लवंगेचंही तसंच. पाचवी लवंग पडली की जीभ बधिरते आणि मग फळाची चव हरवते. मसाला या सॉसमध्ये मागे उभा राहिला पाहिजे. आपल्याकडे सावजीच्या रश्शाची सवय असल्यामुळे हात सैल सुटतो, तो इथे आवर.

भांडं स्टीलचं घे, जाड बुडाचा गंज असला तर उत्तम. जर्मनच्या भांड्यात हा सॉस करू नको. चिंच, टमाटर आणि व्हिनेगर ही तिन्ही आंबट, ती धातू खातात आणि सॉसला धातूची चव येते. कल्हई गेलेलं पितळ-तांबं तर अजिबात नको. लोखंडी कढईत रंग छान काळा येतो, पण जिभेवर लोखंड राहतं.

पहिलं काम, रंग. बाजारच्या सॉसचा तो गडद रंग घरी आणायला साखर जाळावी लागते. साखर कोरडीच लहान पातेल्यात टाक, मंद आचेवर ठेव, ढवळू नको, नुसतं भांडं हलव. आधी ती कडेने विरघळेल, मग सोनेरी होईल, मग तांब्याच्या रंगावर येईल. बहुतेक जणी इथेच घाबरून उतरवतात. अजून थोडं थांब. धुराची पहिली बारीक रेघ निघाली आणि रंग गुळाच्या काकवीसारखा झाला की आच बंद कर आणि हात लांब धरून अर्धी वाटी गरम पाणी ओत. गरमच, गार नाही. तरी ते उसळेलच, म्हणून लेकरांना त्या वेळी स्वयंपाकघरात येऊ देऊ नको. ते शांत झालं की ढवळून बाजूला ठेव. यात गोडी कमी आणि किंचित कडसर खोली जास्त असते, आणि सॉसला जी काळी चव म्हणतात ती इथून येते. यापुढे गेलीस, साखर कोळशासारखी काळी झाली, तर ती फेक आणि नवी घे. तो कडूपणा पुढे कशानेच झाकत नाही.

दुसरं काम, शिजवणं, आणि खरा मंत्र इथे आहे. वरणाची डाळ शिजायच्या आत चिंच घातली की दाणा टणक राहतो, हे तुला सांगायला नको. भाज्या-फळांचंही तेच आहे. आंबटात पडलेलं गाजर आणि कांदा लवकर मऊ होत नाहीत. म्हणून आधी कांदा, गाजर, लसूण, अद्रक आणि सफरचंद बारीक चिरून दोन वाट्या पाण्यात झाकण ठेवून शिजव. गाजराची फोड दोन बोटांत चिरडली पाहिजे. मग खजूर घाल, तो पाच-सात मिनिटांत विरघळतो. त्यानंतर टमाटर. चिंच आणि व्हिनेगर अजून कुठेच नाहीत, हे बघ. टमाटर पूर्ण फुटला, त्याचा कच्चा वास गेला आणि कडेला लाल पाणी सुटेनासं झालं की आच बंद कर.

चिंचेचं थोडं जास्त सांगते, कारण इथे बरेच जण चुकतात. नवी चिंच तांबूस असते, तिची आंबटी टोकदार असते. मागच्या साली फोडून ठेवलेली जुनी चिंच काळी पडलेली असते, तिची आंबटी मवाळ असते आणि रंगही देते. या सॉसला जुनीच चिंच हवी. घरात बरणीत मीठ लावून ठेवलेली असेल तर वरच्या मापातला एक चमचा मीठ कमी कर. कोमट पाण्यात अर्धा तास भिजव, हाताने कोळ, चिंचोके आणि रेषा काढ. बाजारातला चिंचेचा तयार घट्ट गर मी वापरत नाही. पुष्कळदा त्यात मीठ आणि टिकवणूक करणारं रसायन असतं, मग मापाचा भरवसा राहत नाही.

आता गाळणं. मिक्सरमधून काढलेला गर सरळ गंजात ओतलास तर सॉस चटणीसारखा लागेल. आपल्याकडे पुरणयंत्र आहे, ते याच कामाचं. बारीक जाळी लाव, कोमट झालेला गर त्यात घाल आणि दांडा फिरव. टमाटरची साल, बिया, अद्रकाच्या तारा वर राहतात, खाली गुळगुळीत गर उतरतो. यंत्राच्या खालच्या बाजूला जो गर चिकटून राहतो तो सराट्याने खरवडून घ्यायला विसरू नको, सगळ्यांत दाट भाग तोच असतो. मग हा गर एकदा चहाच्या नव्हे, पिठाच्या बारीक चाळणीतून चमच्याने दाबून काढ. दोन गाळण्या जिवावर येतात, मला ठाऊक आहे. पण जिभेवर कण लागला की तो सॉस राहत नाही.

गाळलेला गर परत गंजात, आच मंद. आता चिंचेचा कोळ, गूळ, जाळलेल्या साखरेचं पाणी, सोया सॉस आणि मीठ घाल. लवंगा, कलमी, तेजपान, चक्रीफूल आणि ओवा मलमलीच्या फडक्यात बांधून ती पुरचुंडी सोड. वीसेक मिनिटांनी पुरचुंडी काढ, पिळू नको. पिळली की मसाल्याचा तुरटपणा उतरतो. मिरे भरडून आणि जायफळ किसून अगदी शेवटी घाल, कारण त्यांचा वास वाफेबरोबर उडतो. व्हिनेगरही शेवटच्या पाच मिनिटांत. आधी घातलंस तर आंबटी उडून जाते आणि घरभर नाक झोंबतं.

सोया सॉस घेताना बाटलीमागचं वाच. सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी अशी साधी यादी असेल तर तो आंबवून केलेला. वनस्पतीजन्य प्रथिनं फोडून, वर रंग घालून केलेला असेल तर तो खारट पाणी आहे, त्याने तुझी फळांची मेहनत वाया जाईल. आपल्या भोवतीच्या शेतांत सोयाबीन पिकतं आणि बहुतेक सगळं तेलाच्या कारखान्याला जातं. जपानी माणसाने त्याच दाण्याला गहू आणि मीठ लावून महिनोन् महिने मुरवलं आणि त्यावर अख्खा स्वयंपाक उभा केला, याचं मला फार कौतुक आहे. व्हिनेगरचंही तसंच बघ. कृत्रिम असेल तर तसं बाटलीवर लिहिणं आपल्या कायद्याने बंधनकारक आहे. सफरचंदाचं किंवा उसाचं, आंबवून केलेलं घे, त्याची आंबटी गोल असते.

संत्र्याची गोष्ट मुद्दाम वेगळी ठेवली, कारण ही आपल्या मातीची गोष्ट आहे. जपानी बाटलीत लिंबू असतं, मग आपल्याकडे दारात बाग असताना संत्रा का नको, हे माझं म्हणणं. पण आपला नागपुरी संत्रा मोठा मानी आहे. ताजा रस गोड लागतो आणि तोच काही तासांनी कडू होतो. आटवला तर लवकर कडू होतो. फळाच्या पांढऱ्या सालीत, पापुद्र्यात आणि बियांत जो गुण असतो, त्यापासून रसात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं आणि उष्णतेने ते जोर धरतं. म्हणून संत्रा सॉसमध्ये शिजवायचा नाही. फोडी सोलून, बिया काढून, हलक्या हाताने रस काढ. यंत्रात घालून पिळू नको, पापुद्रा चिरडला की कडूपणा आलाच. गंज आचेवरून खाली उतरव, सॉस हात लावता येईल इतका निवू दे, मग गाळलेला रस घाल आणि ढवळ. वास हवा असेल तर सालीचा फक्त नारिंगी भाग, नखाएवढा, मसाल्याच्या पुरचुंडीत टाक. पांढरा भाग लागलेला नसावा.

कोणता संत्रा, असं विचारशील. आंबिया बहाराचा ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो, मृगाचा फेब्रुवारी ते एप्रिलात. मृगाचा गोड, तो खायला ठेव. सॉसला आंबियाचा बरा, त्यात आंबटी असते. शिवाय थंडीतच टमाटर आणि गाजरही स्वस्त आणि रसरशीत मिळतात. म्हणून हा सॉस करायचा मोसम दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत. संत्र्याचा रस घातलेला सॉस पंधरा दिवसांत संपव. महिनाभर ठेवायचा असेल तर रस घालूच नको, वाढताना वाटीत चमचाभर ताजा पिळ. मी हल्ली तसंच करते.

दाटपणा कधी पुरे झाला हे ओळखायला थंड केलेली स्टीलची ताटली लागते. ताटली आधीच फ्रीजमध्ये ठेव. आटत आलेल्या सॉसचा थेंब तिच्यावर टाक, अर्धा मिनिट थांब, बोटाने मधून रेघ ओढ. रेघ उघडी राहिली आणि दोन्ही कडा हळूहळू जवळ आल्या की उतरव. रेघ लगेच भरली तर अजून पाच मिनिटं. रेघ तशीच कोरडी राहिली तर जास्त आटलाय, दोन चमचे गरम पाणी घाल. गरम सॉस गंजात पातळच दिसतो, त्याला फसू नको, गार झाल्यावर तो बराच दाटतो. खजूर आणि सफरचंद असल्यामुळे वेगळं पीठ लावायची बहुधा वेळ येत नाही. आलीच, तर चमचाभर मक्याचं किंवा शिंगाड्याचं पीठ गार पाण्यात कालवून अगदी शेवटी घाल आणि दोन मिनिटंच शिजव. आंबटात पीठ फार उकळलं की त्याची पकड सुटते आणि सॉस पुन्हा पातळ होतो.

बाटल्या काचेच्या. धुऊन, पाण्यात बुडवून दहा मिनिटं उकळून, स्वच्छ फडक्यावर उलट्या ठेवून पूर्ण वाळव. एक थेंब पाणी राहिलं तरी बुरशीला निमंत्रण. सॉस गरम असतानाच भर, झाकण लाव, निवला की फ्रीजमध्ये. संत्र्याचा रस घालणार असशील तर सॉस निवल्यावर भर आणि तो आधी वापर. व्हिनेगर आणि गूळ आहे म्हणून बाहेर टिकेल, असं तुला कुणीतरी सांगेल. ऐकू नको. कारखान्यात आंबटी मोजून, बाटली बंद करून तापवतात, घरी आपल्याकडे ते मोजमाप नाही, आणि आपल्याकडचा मे महिना कसा तापतो ते तू आता पाहिलं आहेस. वाढायला नेहमी कोरडा चमचा. झाकण उघडताना फस्स असा आवाज आला, फेस दिसला, किंवा ताडीसारखा वास आला, तर चाखूनसुद्धा पाहू नको, सरळ टाकून दे.

आणि लगेच खाऊ नको. पहिल्या दिवशी व्हिनेगर वेगळं लागतं, लवंग वेगळी, गूळ वेगळा. तीन दिवसांनी ते एकमेकांत मिसळायला लागतात, आठवड्याने सॉस एक होतो. पाहुणे रविवारी येणार असतील तर सॉस आदल्या रविवारी झाला पाहिजे. बाटलीच्या तळाला मसाल्याचा दाट गाळ बसतो, तो टाकायचा नाही. कोबेच्या त्याच ऑलिव्हरवाल्यांनी टाकीच्या तळाचा हा झणझणीत गाळ वेगळा भरून विकला आणि लोक तो मागून नेतात. आपण बाटली हलवून घ्यावी, नाहीतर शेवटचा गाळ तिखट आवडणाऱ्यासाठी राखून ठेवावा. आपल्या घरी तो कुणाच्या वाट्याला जाईल हे तुला माहीतच आहे.

वाढायची पद्धतही शीक. जपानात चांगल्या कटलेटाच्या खानावळीत आधी एक लहान खरखरीत खल समोर येतो, त्यात भाजलेले तीळ. ज्याने त्याने आपल्यापुरते तीळ रगडायचे आणि त्यावर सॉस ओतायचा. आपल्या खलबत्त्यात हे सहज होतं. तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाज आणि भरड ठेव, पीठ करू नको, तेल सुटता कामा नये. प्रत्येकाच्या वाटीत आधी तीळ, मग सॉस. बाजूला मोहरी. मोहरीची पूड कोमट पाण्यात घट्ट कालवून दहा मिनिटं झाकून ठेव, म्हणजे नाकात जाणारा झणका येतो. उकळतं पाणी घातलंस किंवा आधीच व्हिनेगर टाकलंस तर झणका उठतच नाही.

पानकोबी केसासारखी बारीक चिरून बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेव आणि मग फडक्यात बांधून पाणी पूर्ण निथळ. ओली कोबी सॉस पातळ करते. तळलेल्याचा जडपणा हीच कोबी उतरवते, म्हणून भरपूर वाढ.

कटलेट तुला येतंच, मी दोनच गोष्टी सांगते. एक, बाहेरचा चुरा. टोस्टची तयार पूड नको, तिने बाहेरचं आवरण दगडासारखं होतं. पाव किंवा स्लाइस ब्रेड एक दिवस शिळा होऊ दे, कडा काढ, तळव्यांत चोळून मोठे कण कर आणि सावलीत तासभर पसरून ठेव. ते कण तळल्यावर काट्यांसारखे उभे राहतात, आणि सॉस त्यांच्यातच धरतो. कोंबडीचा तुकडा वरवंट्याने हलके ठोकून सारखा कर, मीठ-मिरे लाव, मग मैदा, मग फेटलेलं अंडं, मग चुरा, आणि तळण्याआधी दहा मिनिटं पडू दे. अंडं न खाणाऱ्यांसाठी मैद्याचा घट्टसर घोळ पुरतो. शाकाहारी पानात सुरणाचे काप छान लागतात. ते चिंचेच्या पाण्यात उकडून घे, म्हणजे घसा खवखवत नाही. पनीर आणि उकडलेल्या आलूची टिक्कीही चालते. जपानी लोक तर आलूच्या टिक्कीला फार जपतात, तिला कोरोक्के म्हणतात आणि असलाच सॉस लावतात.

दुसरी गोष्ट, तेल. फल्लीतेल एकशे सत्तर ते ऐंशी अंश तापलं पाहिजे. पावाचा कण टाकून बघ: तो थोडा खाली जाऊन लगेच वर आला की वेळ झाली. तळून काढल्यावर कटलेट कागदावर आडवं टाकू नको, जाळीवर उभं टेकवून ठेव. आडवं ठेवलं की खालची बाजू स्वतःच्याच वाफेने मऊ पडते, आणि मग कितीही चांगला सॉस केला तरी उपयोग नाही. वरून सॉस ओतूही नको. वाटीत दे, घास बुडवून खाऊ दे. कुरकुरीतपणा शेवटच्या घासापर्यंत राहतो.

माळकरी पाहुणा असला तर एक काळजी घे. आपला घरचा सॉस पूर्ण शाकाहारी आहे. पण विकतचा इंग्रजी वूस्टर सॉस आणलास तर त्यात मासळी असते. बाटलीवर हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, हे पाहिल्याशिवाय कुणाच्या ताटात तो वाढू नको. न सांगता वाढणं हा मोठा अपराध आहे, त्याला चवीचं कारण चालत नाही.

आणि तो घाईचा सॉस. संध्याकाळी अचानक कुणी आलं तर चार चमचे केचप, एक चमचा सोया सॉस, दोन चमचे दाट चिंचेचा कोळ, दोन लहान चमचे गूळ, चिमूटभर मिरे-लवंगेची पूड, सगळं लहान कढईत तीन मिनिटं गरम कर आणि गार कर. खाणारे नावं ठेवणार नाहीत. पण त्यात फळ नाही आणि मुरणं नाही, हे तुझं तुला माहीत असू दे.

हा सॉस आपल्या सांबारवडीला लावू नको. तिच्यात खसखस-खोबऱ्याचं नाजूक सारण असतं, ते याच्याखाली दबतं. तिला कढीच बरी. मात्र राहिलेल्या सॉसमध्ये शेवया किंवा नूडल्स परतल्या, पानकोबी-गाजर घातलं, तर पोरं डब्यात आवडीने नेतात. परतताना मीठ घालायच्या आधी चाख, सॉसमध्ये ते आहेच. बाटली रिकामी होत आली की तिच्यात दोन चमचे कोमट पाणी घालून हलव आणि तेही त्याच कढईत ओत.